वैद्याच्या देखरेखीखाली

गिरिजाला झोप येत नाही, यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता. बिचारी रात्र रात्र टक्क डोळ्यांनी पंख्याकडे बघत पडायची (लोडशेडिंगमुळे पंखाही बंद, तेव्हा त्यात बघण्यासारखं काय होतं ते तिलाच ठाऊक), आणि सकाळी सून नीलम विचारायची, आई, घोरणं जरा हळू नाही का होणार? नवरा आत्माराम जन्माचा अबोल. लग्न झाल्यापासून बायकोचं नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. घरात "अगं ए", चारचौघांत "ही". पण घोरण्याचा विषय निघाला की त्यालाही वाचा फुटायची. म्हणायचा, हिचा आवाज पार पलीकडच्या गोडदेव गावापर्यंत जातो.

शेवटी दोघांनी मिळून तिचं अंथरूण स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरशेजारी हलवलं. हे मात्र तिच्या वर्मी लागलं. ज्या घरासाठी अंगावरचे दागिने मोडले, त्याच घरात सिलिंडरची राखण करायची?

"मला झोप नाही हे वैद्याच्या तोंडून वदवून घेते," तिने ठणकावलं. "आणि घोरते असं निघालं, तर जन्मभर सिलिंडरशेजारीच पडेन."

नवघर रोडच्या शिवदास वैद्यांनी नाडी पाहिली, चिठ्ठी लिहिली, गोळ्यांची डबी हातावर ठेवली. गिरिजा चौथी शिकलेली. पण गव्हातले खडे वेचावेत तशी अक्षरं वेचून वाचते. डबीवर होतं, 'भांग की पत्ती'. आणि खाली, 'चिकित्सक की देखरेख में लें'.

झालं. तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. सुनेने वैद्याला फितवलंय. आपल्याला भांगेत बुडवायचं आणि बेडरूम कायमची गिळायची.

तळमजल्यावर दत्ताराम हवालदार राहायचे. त्यांच्यापुढे तिने डबी आपटली आणि आधी सुनेला बेड्या घालायला सांगितलं. दत्ताराम शांत माणूस. त्यांनी समजावलं, की गांजा-चरस धरला तर सुटका नाही. काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रक अडवतात ते त्यासाठीच. भांग म्हणजे नुसती पानं. ती विकायलाही सरकारी परवाना लागतो. पण परवाना असलेल्या कंपनीचं औषध वैद्याच्या चिठ्ठीवर घेतलं, तर पेशंटला कुणी हात लावत नाही.

"फक्त एक करा वहिनी," ते म्हणाले. "चिठ्ठी तुमच्या नावाची आहे, तेव्हा गोळ्या तुम्हीच घ्या. पाहुण्यारावळ्यांना वाटू नका."

गिरिजाने मान हलवली. (ती मान हलवते तेव्हा ऐकत नसते, हे दत्तारामांना काय माहीत.)

शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, भांग तो भोलेनाथ का परसाद है. गिरिजा म्हणाली, त्याला हलाहल पचलं, मला वाटाण्याची उसळ पचत नाही.

मग तिने बेत ठरवला. डबीवर देखरेख लिहिलीय ना? मग गोळी वैद्याच्या डोळ्यांदेखतच घ्यायची. निघताना हंसाबेनना बजावलं, चारपर्यंत परत आले नाही तर दत्तारामांना पाठवा, वैद्याचा काही भरवसा नाही.

दवाखान्यात ती वैद्यांसमोर बाकावर बसली आणि म्हणाली, बघा माझ्याकडे. वैद्यांनी परोपरीने सांगितलं, की देखरेख म्हणजे समोर बसून बघणं नव्हे, रात्री घरी दुधाबरोबर घ्या. ती हलेना. गोळी मुठीत घेतली, ओठांपर्यंत नेली, आणि पुन्हा संशय आला.

"आधी तुम्ही घ्या," तिने डबी पुढे केली.

पेशंट खोळंबले होते. वैतागून वैद्यांनी एक गोळी तोंडात टाकली. आता यांचं काय होतं ते बघायला गिरिजा भिंतीला टेकली. दवाखान्यात इन्व्हर्टर होता. पंखा गरगर फिरत होता.

चार वाजले. हंसाबेनना निरोप सांगायचा तर त्यात मीठमसाला घातल्याशिवाय चैन पडत नाही. गिरिजाबेन को भांग खिलाके सुला दिया, अशी आवई रस्ताभर उठली. दवाखान्यापुढे माणसं जमली. कुणी म्हणे शटर ओढा, कुणी वैद्यांची पाटी उपटायला स्टूल आणलं. उभ्या हयातीत कमावलेलं नाव आज जाणार, म्हणून वैद्य घामाघूम झाले. तेवढ्यात दत्ताराम पोचले, मागून हंसाबेन आणि आत्माराम. आतून बिघडलेली रिक्षा सुरू करावी तसा आवाज येत होता.

"ही जिवंत आहे," आत्माराम रस्त्यातूनच म्हणाला.

आत वैद्य टक्क जागे. गिरिजा बाकावर आडवी. दत्तारामांनी तिला हलवलं, तशी मूठ उघडली. त्यात गोळी, घामाने चिकट झालेली, पण अख्खी. पोटात काही गेलंच नव्हतं.

"मी झोपलेच नव्हते," गिरिजा उठताउठता म्हणाली. "सगळं ऐकत होते."

सगळा नवघर रोड हसला. सिलिंडरशेजारची जागा तिथल्या तिथे कायम झाली.

दत्तारामांनी डबीतल्या गोळ्या मोजल्या. मुठीतली धरूनही आणखी एक कमी होती. तिने तत्काळ वैद्यांकडे बोट दाखवलं. यांनी खाल्ली.

"चिठ्ठी पेशंटच्या नावाची, आणि गोळी वैद्याच्या पोटात," दत्ताराम गर्दीकडे वळले. "आता मला सांगा, हा उद्योग कुणाचा?"

हंसाबेन छताकडे बघू लागल्या. वैद्यांनी हात जोडले. आत्माराम दोन पावलं पुढे आला, घसा खाकरला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत स्वच्छ, खणखणीत आवाजात बोलला,

"गिरिजा."