सतरा नंबरची कैरी

शनिवारी सकाळी साडेसात वाजता सृष्टीच्या स्वयंपाकघरात फरशीवर त्रेपन्न कैऱ्या, सात काकड्या आणि एक दुधी भोपळा होता. एकूण अकरा किलो दोनशे ग्रॅम. काटा पाच किलोचाच, म्हणून तिने तीन खेपांत मोजलं. मग प्रत्येक कैरीवर मार्करने नंबर घातला आणि तिचं वजन वहीत लिहिलं. नुकत्याच एमएस्सी झालेल्या मुलीने "ढीगभर आहेत" म्हणून सोडून देणं तिला शोभलं नसतं!

हा सगळा माल सोजरकाकूंच्या भल्या मोठ्या बादलीतून आला होता. वारज्यातल्या ज्या शेतावर ही इमारत उभी राहिली, ते शेत काकूंचं. आता त्या पहिल्या मजल्यावर राहत, पण मागच्या पट्ट्यातली आंब्याची झाडं त्यांनी राखून ठेवली होती, आणि उन्हाळा लागला की घरोघरी बादली फिरे.

"आठ दिवस बाहेरून भाजीची काडीही आणायची नाही!" सृष्टीने जाहीर केलं. "जवळ पिकलेलं आणि ऋतूतलं तेवढंच खायचं. तक्ता फ्रिजवर लावलाय. पुढच्या शनिवारी ढीग शून्य, आणि वाया एक ग्रॅम नाही! आई, तुमच्या पिढीला कष्ट जमतात, नियोजन जमत नाही."

द्वारकाबाईंचं लाटणं हवेतच थांबलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "शून्य झाला तर स्वयंपाकघर तुझं. नाही झाला तर तक्ता उतरवायचा आणि हे वाक्य परत घ्यायचं. आत्याच्या समोर."

आत्याच्या समोर! आत्याच्या कानावर पडलेली गोष्ट स्वारगेटहून सुटणाऱ्या गाड्यांसारखी अर्ध्या महाराष्ट्रात पोचत असे. पण सृष्टीने माघार घेतली नाही.

रविवारी तक्कू. सोमवारी पन्हं आणि कैरीची आमटी. मंगळवारी कैरीभात.

"ताई, दात इतके आंबलेत की पाणीसुद्धा चावतंय!" तेजस ओरडला.

"ऑफिसात मी डबा उघडायच्या आतच शेजारचे डोळे मिटून घेतात," सृष्टीचे बाबा, उत्तरेश्वरराव म्हणाले.

सृष्टीने त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण वही त्याहून वाईट बातमी देत होती. दिवसाला पाच कैऱ्या संपत होत्या. या वेगाने शनिवारी तेवीस उरणार!

वाटून टाकायच्या! दिल्याने वस्तू कमी होते, हे पहिलीतलं पोरही सांगेल. तिने लगेच बारा कैऱ्या डब्यात घालून तिसऱ्या मजल्यावरच्या तनुजाला दिल्या आणि अकरा पातेल्यातून समोरच्या भाग्यश्रीकाकूंना. ढीग एकदम आटोक्यात!

तासाभरात तनुजा डबा घेऊन दारात उभी. डब्यात गुळांबा.

"अगं, हे कशाला?"

"मग रिकामा डबा कसा परत देऊ?"

भाग्यश्रीकाकूंकडून पातेलंही परत आलं. त्यात साखरांबा, वर सहा काकड्या! सृष्टीने कपाळावर हात मारला. हा कसला कायदा? ही तर लबाडी! ती कमी करायला जात होती आणि लोक प्रेमाने वाढवत होते!

गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरचे समाधानकाका पिशवी घेऊन आले. "आमच्याकडे फार झाल्यात. तुम्ही खाता, असं ऐकलं."

पिशवीत चोवीस कैऱ्या होत्या. सगळ्यांत वरच्या कैरीवर मार्करने लिहिलं होतं: १७.

"काका! ही आमची आहे! मी मंगळवारी तनुजाताईला दिली होती!"

समाधानकाकांनी चष्मा सारखा केला. "आणि तिने आम्हाला दिली. नंबर घातलात ते उत्तम केलंत. आता पासपोर्टही काढा, फार हिंडते. आणि हो, पिशवी सावकाश द्या, पण रिकामी नको. आमच्या हिला चालत नाही."

दार लागताच सृष्टी कडाडली, "बास! कुणीतरी ही साखळी तोडायलाच हवी!"

तिने सोजरकाकूंची बादली घासून चकचकीत केली आणि शुक्रवारी दुपारी त्यांच्या दाराशी नेऊन ठेवली. काकू घरी नव्हत्या.

"रिकामीच ठेवलीस?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"रिकामीच! मुद्दाम!"

द्वारकाबाई गालात हसल्या.

शनिवारी सकाळी सातला बेल वाजली. दारात सोजरकाकू, घामाघूम. पायाशी बादली, काठोकाठ. वर एक दुधी आडवा.

"पोरी, तोंडानं मागायचं की गं! लाजतीस कशापायी? घरचंच हाय!"

"काकू, मी मागितल्या नव्हत्या..."

"मग रिकामी बादली दारात ठिवली ती कशाला? अगं, बरं वाटलं मला! अख्ख्या बिल्डिंगीत तुमचंच घर कैऱ्या खातंय. बाकीचे निस्ते हिकडून तिकडं फिरवत्यात!"

काकू आनंदाने जिना उतरल्या. आत द्वारकाबाईंनी आत्याला व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून ठेवला होता.

"वाक्य आधी की वजन आधी?"

"वजन," सृष्टी बारीक आवाजात म्हणाली.

या वेळी चार खेपा लागल्या. कैऱ्या सत्त्याहत्तर, काकड्या तेरा, दुधी दोन, गुळांबा आणि साखरांबा मिळून तीन बरण्या. एकूण एकोणीस किलो सहाशे ग्रॅम. वाया गेलेलं: शून्य. सतरा नंबरची कैरी: गेल्या शनिवारी एकशे ऐंशी ग्रॅम, आज एकशे एकाहत्तर. हिंडून झालेली घट: नऊ ग्रॅम.