भोपळा, सामसूम

एका जंगलात, बाळांनो, कारभार फार पुढारलेला होता. चुळबुळ नको, नीट ऐका.

जंगल मोठं, दरबार लांब. म्हणून कारभारी अस्वलरावांनी कोपऱ्याकोपऱ्यात नाकतोडे बसवले. नाकतोड्याला खायला लागतं किती? गवताचं एक पातं, तेही पाच वर्षं पुरायचं. दिवसातून एकदा तो किरकिरायचा आणि आवाज सात टेकड्या ओलांडून दरबारात पोचायचा. "सामसूम" म्हणजे सगळं ठीक. "लांडगा" म्हणजे लगेच हत्ती पाठवा.

आता निरोप खरा की खोटा, हे कसं कळायचं? तर आधी गुप्त शब्द म्हणायचा. शब्द होता "भोपळा". हजार नाकतोड्यांना हजार शब्द शिकवायचा कंटाळा आला, म्हणून सगळ्यांना तोच एक. आणि कोणी विसरायला नको, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर लिहूनही ठेवला. हसताय काय? मोठी मंडळी अशीच असतात.

घाटातल्या बिळात मंजुळा सशीण तीन पिल्लांना घेऊन राहायची. एके सकाळी लांडगा तिथे आला. त्याने नाकतोडा उचलला, पाठ वाचली आणि गिळून टाकला. मग घसा साफ करून बारीक आवाजात किरकिरला, "भोपळा. सामसूम."

मंजुळेने ते पाहिलं. पिल्लांना बिळात खोल ढकललं, तोंडाशी दगड लावला आणि मागच्या वाटेने धापा टाकत दरबार गाठला.

"अस्वलराव, घाटात लांडगा आलाय. माझी पिल्लं आहेत हो तिथे."

"छे. आत्ताच निरोप आला. सामसूम आहे."

"अहो, तो लांडगाच बोलतोय."

"बाई, तो आधी गुप्त शब्द म्हणाला. तुम्ही म्हणालात का?"

दरबाराच्या दारातही एक नाकतोडा बसवला होता. मंजुळेने त्याची पाठ वाचली.

"भोपळा," ती म्हणाली. "लांडगा. आता तरी हत्ती पाठवा."

अस्वलराव ताडकन उभे राहिले. "शब्द तुम्हाला कसा कळला?"

"पाठीवर लिहिलाय की."

"म्हणजे चोरून वाचलात."

हत्ती लगेच आले. घाटात मात्र गेले नाहीत, मंजुळेला धरायला आले.

चौकशी तीन दिवस चालली. मंजुळा रडून रडून एवढंच म्हणायची, "मला हवी ती शिक्षा करा, पण आधी कोणीतरी घाटात जाऊन या." सगळे चौकशीत गुंतले होते. कोणी गेलं नाही.

चौथ्या दिवशी घाटातून नेहमीसारखा निरोप आला. "भोपळा. सामसूम."

या वेळी तो खरा होता. बिळाच्या तोंडाचा दगड बाजूला पडला होता आणि आत कोणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: गुप्त शब्द शत्रूला कळला, तर फारसं बिघडत नाही. आपल्यापैकी कोणाला कळला, तर मात्र कडक कारवाई करावी.