ताईच्या वाफ्यातला सेन्सर

ताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होतो. (कागद फाटला. मी ओढलेले सगळेच फाटतात.) माझी थोरली बहीण आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायची. त्या सकाळीच तिनं गच्चीवरच्या वाफ्यात मुळ्याचं बी टोकलं होतं.

पाहुणे पांगल्यावर मी भाऊजींना म्हणालो, "ताईची गच्चीवरची शेती आता मी बघतो."

"तू?" एवढंच म्हणाले ते. (माझ्या हातून एकदा प्लास्टिकचं रोपसुद्धा गेलं आहे.)

म्हणून मी स्वस्तातला सेन्सर आणला. मातीत खुपसायचा, माती सुकली की तो पंप सुरू करतो, भिजली की बंद.

"अहो, देवानं बोट दिलंय ना? तेच घाला मातीत," बायको म्हणाली.

"ताईची शेती आहे. माझ्या बोटाच्या भरवशावर नको."

सेन्सर अर्थातच ताईच्या मुळ्यात खुपसला, पाइप फिरवला आणि ऐटीत ऑफिसला गेलो.

दुपारी गच्चीखालच्या वकीलबाईंचा फोन. "तुमची शेती माझ्या दिवाणखान्यात आलीय! सोफा पेरणीला तयार आहे!"

धावत आलो. बायको त्यांच्याकडे बादलीनं पाणी उपसत होती. गच्चीवर टोमॅटो गळ्यापर्यंत बुडालेले. भाऊजींनी पंप बंद केला, पाइपमागोमाग फिरले आणि ताईच्या वाफ्यापाशी थबकले. तो एकटा कोरडा ठणठणीत.

"अरे शहाण्या, सेन्सर इथे आणि पाणी तिथे? भूक याला, आणि वाढतोयस शेजाऱ्याला! पंप थांबेल कसा? इथे पाइप का नाही आणलास?"

मी मातीकडे बोट दाखवलं. बी टोकून ताईनं वरून माती दाबली होती. तिच्या बोटांचे ठसे अजून तसेच होते.

"पाण्यानं जातील," मी म्हणालो.

भाऊजी उकिडवे बसले. एका ठशावर त्यांनी बोट नेलं, टेकवलं मात्र नाही.

"बी फुकट जाईल रे," ते म्हणाले. "तिला नाही खपायचं." मग उठून मग्गा भरला, माझ्या हातात दिला. "हळू घाल. कडेकडेनं."

मी मग्गा कलता करणार, तोच जिन्यातून बायको ओरडली, "अहो, आता एक थेंब जरी सांडलात तर याद राखा!"

लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिचं ताबडतोब ऐकलं. मुळ्याला पाणी घालायचं राहिलंच.