दुसऱ्या आवाजाचा पहिला अल्बम

"माझ्या अल्बममध्ये माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू आला, तर नाव बदलून टाकीन," टिटवीनं सगळ्यांदेखत जाहीर केलं आणि बँड सोडला.

तसं पाहिलं तर नाव बदलण्यात तिचं फार काही नुकसान नव्हतं. हे नाव तिला बँडमधल्या गिटारवाल्यानं ठेवलं होतं. मुख्य गायिकेला त्यानं नाव दिलं बुलबुल. हिची पाळी आली तोवर त्याच्याजवळचे चांगले पक्षी संपले असावेत.

बुलबुल गाण्याची चाल गायची. टिटवी तेच शब्द, त्याच वेळी, पण तिच्याहून जरा वरच्या स्वरांत गायची. याला त्या मंडळींत 'दुसरा आवाज' म्हणतात. दुसऱ्या आवाजाचं आयुष्य कोटाच्या अस्तरासारखं असतं. असलं तर कुणी बघत नाही, नसलं तर अख्खा कोट बेंगरूळ दिसतो. पोस्टरांवर मधोमध बुलबुल असे, आणि कडेला टिटवीचा एक कान आणि निम्मं हसू. उरलेलं निम्मं हसू छापखान्यात कापलं जाई. असं किती दिवस चालणार? एके दिवशी टिटवी म्हणाली, पुरे. आता माझी गाणी, माझ्या चाली, माझा आवाज आणि पोस्टरवर माझे दोन्ही कान.

गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका काढणारी एक छोटी कंपनी तयार झाली. तिचा व्यवस्थापक बोलायला गोड आणि वागायला कडक होता.

"तुमच्यासाठी तारीख राखून ठेवतो," तो म्हणाला. "त्या दिवशी अल्बम हातात पडला नाही, तर ती तारीख बँडला देईन. बुलबुलबाईंचाही नवा अल्बम येतोय."

यापुढे टिटवीला आणखी काही सांगायची गरज नव्हती. एक वेळ तिनं विहिरीत उडी मारली असती, पण आपली तारीख बुलबुलला जाऊ देणं शक्य नव्हतं.

टिटवी राहायची आत्याकडे. आत्यानं जन्मभर शाळेत कवायत शिकवली होती, आणि निवृत्त झाल्यावर कवायतीला फक्त भाची शिल्लक राहिली होती. तिचा आवाज म्हणजे जड कपाट फरशीवरून सरकवावं, तसा.

"एकटीच गाणारेस?" आत्यानं विचारलं.

"एकटीच."

"मग बाकीचे काय करणार?"

"बाकीचे नाहीतच, आत्या. म्हणून तर बँड सोडला ना."

"बरं. गाताना पाठ ताठ ठेव."

पाठ ताठ ठेवूनच टिटवी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शिरली. भिंतींना गादीसारखं जाड कापड ठोकलेलं, समोर काचेची खिडकी, आणि काचेपलीकडे यंत्रांच्या गराड्यात बसलेला रेकॉर्डिस्ट. बारक्या अंगाचा, कायम सर्दी झालेला, नाक पुसत पुसत कानानं सगळं टिपणारा. त्यानं तिला कानांवर हेडफोन चढवायला सांगितले आणि आधी तयार केलेलं वादन सुरू केलं. टिटवीनं डोळे मिटले आणि पहिलं गाणं गायलं. असं गायलं, की तिचं तिलाच भरून आलं.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टनं यंत्र थांबवलं. मग हेडफोनमधून आवाज आला, "सुरेख. फारच सुरेख. आता मुख्य गायिका कधी येणार?"

"कोण मुख्य गायिका?"

"म्हणजे ज्या चाल गाणार आहेत, त्या बाई."

"मीच गायले ना आत्ता चाल."

रेकॉर्डिस्टनं सावकाश नाक पुसलं. वाईट बातमी सांगण्यापूर्वी डॉक्टर चष्मा पुसतात, तसं. "तुम्ही दुसरा आवाज गायलात. अगदी सफाईनं गायलात. पण पहिला कुठाय?"

टिटवीनं दुसरं गाणं गाऊन दाखवलं. मग तिसरं. सगळी गाणी झाली. प्रत्येक गाण्यानंतर रेकॉर्डिस्ट आणखी दुःखी होत गेला. आणि मग हळूहळू टिटवीच्या लक्षात आलं, की या चाली तिनं भांडी घासताना, कपडे वाळत घालताना रचल्या, तेव्हा डोक्यात कुठेतरी बुलबुल हळू आवाजात गात असायची. इतकी वर्षं ती तिथं गातच होती. तिच्याकडे लक्ष कोण देतो? टिटवी आपली सवयीनं तिच्या वर गात राहिली. प्रत्येक गाण्याचं छप्पर तिनं घातलं होतं. भिंती मात्र बुलबुलच्या गळ्यात राहिल्या होत्या.

"बुलबुलबाईंना विचारायचं का?" रेकॉर्डिस्टनं भीतभीत सुचवलं.

टिटवीनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्याची सर्दी क्षणभर बरी झाली.

माणूस मात्र हुशार होता. त्यानं तिचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं, त्याखाली काय असायला हवं ते पेटीवर शोधून काढलं आणि वाजवून दाखवलं. "ही तुमची चाल. असणार तर अशीच."

चाल खरोखर गोड होती. "ही मी केली?" टिटवीनं विचारलं.

"नकळत."

"वाजवा परत. गाते."

तो वाजवू लागला, तिनं तोंड उघडलं, आणि आवाज टुणकन वर जाऊन बसला. दुसऱ्यांदा वाजवलं, दुसऱ्यांदा बसला. टिटवीनं डोक्यावर हात दाबून धरला. खुर्चीवर बसून पाहिलं. जमिनीवर आडवी पडली, म्हणजे आवाजाला खाली राहणं सोपं जाईल. व्यर्थ! कुणी चाल नुसती सुरू करायचा अवकाश, हिचा गळा जिना चढायचा. शेवटी रेकॉर्डिस्टनं शक्कल लढवली. तिचंच गाणं तिला ऐकवायचं, म्हणजे स्वतःच्या आवाजाबरोबर तरी ती जाईल. टिटवीनं ते ऐकलं आणि स्वतःच्याही वर जाऊन गायली.

"थांबा," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "आणखी एकदा असंच झालं, तर पुढचा आवाज फक्त वटवाघळांना ऐकू जाईल."

असे बरेच दिवस गेले. तारीख जवळ येत चालली. व्यवस्थापक रोज फोन करून गोड आवाजात विचारायचा, आणि टिटवी "रंगात आलंय" असं सांगून फोन ठेवायची. रेकॉर्डिस्टनं हात टेकले होते, पण टिटवीनं नाही. ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी खोलीच्या दाराशी हजर. पाठ ताठ.

एका दुपारी भाची जेवायला का येत नाही हे बघायला आत्या स्वतःच आली. रेकॉर्डिस्टनं तिला काचेपलीकडे आपल्या शेजारी बसवलं. आत टिटवीची झुंज चालू होती. आत्यानं तेच गाणं एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि मग जुना फ्रिज घुमावा तशी ती घुमू लागली. रेकॉर्डिस्टचं कोपर नेमकं आत बोलायच्या बटणावर होतं. आत्याचं घुमणं थेट टिटवीच्या हेडफोनमध्ये गेलं.

टिटवीचा गळा सवयीप्रमाणे त्या आवाजाच्या जरा वर चढला, आणि नेमका चालीवर जाऊन बसला.

रेकॉर्डिस्टचा रुमाल नाकापाशीच थांबला. "बाई, हलू नका," तो कुजबुजला. "गात राहा."

"मी कुठं गातेय?" आत्या म्हणाली. "कंटाळा आलाय मला."

"मग कंटाळा येऊ द्या. थांबू नका."

अशी युक्ती सापडली. आत्यानं काचेपलीकडून खाली घुमायचं, टिटवीनं तिच्या वर गायचं, आणि यंत्रात उतरवायची ती एकटी टिटवी. टिटवीनं पुन्हा पुन्हा बजावलं, "अल्बममध्ये आत्या ऐकू येता कामा नये." रेकॉर्डिस्टनं शपथ घेतली.

पण आत्या म्हणजे काही पेटीची पट्टी नव्हे. ऐन रंगात आलेलं गाणं थांबवून ती सांगायची, "उजवा खांदा खाली कर." पुढे पुढे तर ती गळ्याभोवती मफलर गुंडाळून यायला लागली. सकाळी घरात बोलेना. चहा हवा असला तरी खुणेनं मागायची. आवाजाला विश्रांती म्हणे! आणि शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "माझं नाव कुठे छापणार?"

"कुठेच नाही, आत्या. हा एकटीचा अल्बम आहे."

"बरं," आत्या म्हणाली. कवायतीला बूट विसरून आलेल्या पोराला म्हणावं, तसं.

अल्बम ठरल्या तारखेला आला. पोस्टरवर दोन्ही कान आले. गाण्यांत एकच आवाज होता आणि तो चालीवर होता. टिटवीला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात व्यवस्थापकाचा गोड फोन. "अभिनंदन. रेडिओवर मुलाखत ठरवलीय. थेट प्रसारण. तिथंच चार ओळी गाऊन दाखवायच्या."

टिटवीची पाचावर धारण बसली. "आत्या, उद्या माझ्याबरोबर यायचं."

"मी कशाला? माझं तर कुठे नाव नाही."

"नुसतं मागं बसायचं. मी गुडघा दाबला की अगदी हळू सुरू करायचं. फक्त मला ऐकू येईल, एवढंच."

आत्यानं आढेवेढे घेतले, पण मफलर आदल्या संध्याकाळीच काढून ठेवला. 'हळू' म्हणजे काय, हे मात्र तिला कसं कळावं? तिनं आयुष्यभर मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोरांना सरळ केलं होतं.

रेडिओचा निवेदक अगत्यशील निघाला. दोघी जणी दिसल्याबरोबर त्यानं दुसरी खुर्ची मागवली, दुसरा माईकही आत्याच्या पुढ्यात सरकवला.

"या कोण?"

"माझी आत्या. सोबत आलीय. ती बोलत नाही," टिटवी घाईनं म्हणाली.

"नमस्कार," आत्या बोलली. यंत्रावरचा काटा जाऊन टोकाला धडकला.

मुलाखत सुरू झाली. एकट्यानं अल्बम करणं अवघड गेलं का, असं निवेदकानं विचारलं. "अवघड असतं," टिटवी गंभीरपणे म्हणाली. "पण आधार न घेता उभं राहायचं ठरवलं, की जमतं." एवढं बोलून तिनं टेबलाखाली आत्याचा गुडघा दाबला.

आत्यानं मैदानी आवाजात सुरुवात केली. काच थरथरली. टिटवीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण थांबायचं नाही, हे तिनं बँड सोडला त्याच दिवशी ठरवलं होतं. ती आत्याच्या वर चढली आणि गात राहिली. चार ओळींचं अख्खं गाणं झालं. दोघी थांबल्या तेव्हा निवेदकाच्या हातातला पेला तसाच तोंडाजवळ होता.

मग श्रोत्यांचे फोन सुरू झाले.

"त्या खालच्या आवाजाच्या बाई कोण?" एकीनं विचारलं.

"अल्बम घेतलाय मी," दुसरा तक्रारीच्या सुरात म्हणाला. "त्यात त्या बाई का नाहीत?"

तिसरा गृहस्थ चाचरत म्हणाला, "बाईंनी मला शाळेत शिकवलंय. आत्ता आवाज ऐकला आणि मी आपोआप सावधान उभा राहिलो. अजून उभाच आहे. बसू का?"

"बस," आत्या म्हणाली.

दोघी घरी पोचतात न पोचतात, तोच फोन वाजला. पलीकडे बँडचा गिटारवाला. टिटवीला खात्री पटली, हे आपल्याला परत बोलावणार. तिनं त्याला तोंडच उघडू दिलं नाही. "हे बघ, तुम्ही कितीही आग्रह केलात तरी मी परत येणार नाही. मला माझी वाट सापडलीय. बुलबुलला माझा नमस्कार सांग. मनात काही नाही म्हणावं."

"सांगतो की," गिटारवाला म्हणाला. "तुझं बरोबरच आहे. आम्हीही तेच म्हणतो, एकटीच छान गातेस. जरा आत्यांना फोन देतेस का?"

"कशाला?"

"अगं, तू गेल्यापासून बुलबुल अगदी उघडी पडलीय. तिला खालून असा एक आवाज मिळाला ना, तर..."

टिटवीनं फोन पुढे केला. आत्यानं तो कानाला लावून नीट ऐकून घेतलं. "हो... हो... सराव केव्हा? आजच? वेळेवर म्हणजे वेळेवर हं. कुबड काढून बसणारा तो ड्रमवाला अजून आहे का तुमच्यात? असू दे. बघते मी त्याच्याकडे."

तिनं मफलर गुंडाळला. "पोळ्या झाकून ठेवल्यात," ती टिटवीला म्हणाली. "येते मी." आणि ताठ पाठीनं जिना उतरून गेली.

घर रिकामं झालं. खाली कुणी घुमत नव्हतं, डोक्यातही कुणी गात नव्हतं. तिथली बुलबुल कधी उठून गेली, हे टिटवीला कळलंसुद्धा नव्हतं. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. आता नाही तर कधीच नाही. तिनं तोंड उघडलं. गळ्यानं सवयीनं जिना शोधला, पण चढायला खाली कुणी असावं लागतं. कुणीच नव्हतं. आवाज जरा चाचपडला, आणि निमूटपणे चालीवर येऊन बसला.

पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. टिटवीनं अख्खं गाणं गायलं, कुणाच्याही वर नाही, कुणाच्याही खाली नाही. गाणं संपलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ती धावत गेली आणि तिनं दार उघडलं.

दारात खालच्या मजल्यावरचे आजोबा उभे होते. बहुधा गाणं ऐकूनच वर आले होते.

"ऐकलंत तुम्ही?" तिनं धापा टाकत विचारलं.

"ऐकलं. छान गातेस," आजोबा म्हणाले, आणि मान वाकडी करून तिच्या मागं खोलीत डोकावले. "पण त्या रेडिओवरच्या बाई नाहीत का आज?"

"नाहीत," टिटवी म्हणाली. तिनं दार लावून घेतलं, पाठ ताठ केली, आणि गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. या वेळी जरा मोठ्यानं.