दुर्बीण पायांत घालतात

मिलिमीटरकाकांनी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी इमारतीच्या सूचनाफलकावर कार्ड टाचले आणि ते कडेला समांतर आहे याची फूटपट्टीने खात्री करून घेतली. कारखान्याच्या आरेखन विभागात छत्तीस वर्षे काढल्यामुळे हे नाव त्यांना चिकटले होते. काकू गेल्यानंतर त्यांनी रोजच्या वापरातल्या एकेका शब्दाचे मूळ शोधून ते फलकावर लावण्याचा परिपाठ ठेवला होता. चौदा महिन्यांत चारशेवर कार्डे झाली. त्यांत एकही चूक नव्हती, आणि त्यांबद्दल एकही माणूस एक अक्षर बोलला नव्हता. दाराची घंटा तर त्यांनी स्वतःच अधूनमधून दाबून पाहिली होती. ती चालू होती.

त्या दिवशी मात्र नऊ वाजता ती वाजली. दारात तळमजल्यावरचा शिंपी उभा होता.

"काका, तीस वर्षं शिवतोय मी, पण दुर्बीण कधी शिवली नाही."

"काय?"

"तुम्हीच लिहिलंय. दुर्बीण, मूळ फारसी, अर्थ पायांत घालायचं वस्त्र. माप कशाचं घेऊ? कमरेचं की डोळ्यांचं?"

काका मटकन खाली बसले. 'दुर्बीण' आणि 'पायजमा' ही दोन कार्डे एका बैठकीत लिहिताना मजकुरांची अदलाबदल झाली होती. त्यांना धरणी दुभंगावी असे वाटले. पण तेवढ्यात शिंपीही बसला, चहा प्यायला आणि स्वतःच्या गुडघेदुखीवर पाऊण तास बोलला. दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका, साऱ्या इमारतीच्या मावशी, "तब्येत बरी आहे ना?" म्हणून नाडी पाहून गेल्या. सायंकाळी सोसायटीचे सेक्रेटरीही येऊन गेले.

रात्रीपर्यंत घर पुन्हा नेहमीसारखे शांत झाले. ही शांतता किती मोठी आहे, हे काकांना त्या दिवशी प्रथमच मोजता आले.

त्यांनी पद्धतशीर विचार केला. अचूक कार्डे चारशे, भेटी शून्य. चुकीचे कार्ड एक, भेटी तीन. यावर आलेख काढण्याची गरज नव्हती. पुढल्या आठवड्यापासून मंगळवार आणि शुक्रवार हे चुकांचे वार ठरले.

तीन आठवडे दिवाणखाना गजबजला. मग एका शनिवारी मावशी आल्या त्या नाडी पाहायला नव्हे.

"घमेलं हा शब्द घामावरून आला, असं लिहिलंत काल?"

तो शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे काकांना पक्के ठाऊक होते.

"माझ्या नातीनं शाळेत छाती पुढं काढून सांगितलं. सगळा वर्ग हसला. तर म्हणे, 'मिलिमीटर आजोबा चुकणारच नाहीत!' बाईंशी भांडून आलीय कार्टी तुमच्यासाठी!"

काकांनी त्याच क्षणी खाली जाऊन कार्ड बदलले. परंतु प्रकरण सेक्रेटरींपर्यंत गेले होते आणि सेक्रेटरींना समित्या नेमण्याची हौस होती. ठराव झाला: सेक्रेटरी, मावशी आणि शिंपी यांनी रोज पाच वाजता काकांच्या घरी बसून उद्याचे कार्ड तपासावे आणि सह्या कराव्यात.

काकांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्यांनी पाना घेऊन डुगडुगणाऱ्या खुर्चीचे नट आवळले आणि चार कप मांडले. पण आता फसवणूक करायची नाही, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते. पहिले कार्ड 'बिजागरी' निर्दोष होते. सह्या दोन मिनिटांत झाल्या. दुसरे 'चावी', दीड मिनिट. चहाला उकळी येण्याआधी समिती जिन्यात असे.

पाचव्या दिवशी सेक्रेटरींनी उभ्याउभ्याच जाहीर केले, "काका, आता तुमचं काही चुकत नाही. समिती आजपासून बरखास्त."

"उत्तम," काका म्हणाले. आवाज मात्र उत्तम निघाला नाही.

शिंपी दाराकडे वळता वळता टेबलाशी थांबला. "हे राहिलंच की काका. या पान्याला पाना का म्हणतात?"

एखादे झकास उत्तर रचणे काकांना आता सरावाने सहज जमले असते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला माहीत नाही."



"तुम्हाला?" मावशी परत खुर्चीवर टेकल्या. "माहीत नाही?"

"छत्तीस वर्षं हातात होता. कधी विचारलंच नाही मी."

"पानासारखा दिसतो म्हणून असेल," शिंपी म्हणाला.

"असलं पान कुठल्या झाडाला लागतं रे? तुझ्या कात्रीला?"

"मग तुम्ही सांगा! सुया टोचण्यापलीकडं काही ठाऊक आहे का?"

"थांबा, थांबा, एकेकानं बोला," सेक्रेटरी बसत म्हणाले, "हे इतिवृत्तात घ्यावं लागेल."

चहा उकळला, संपला, पुन्हा ठेवावा लागला. अखेर सेक्रेटरींनी सह्यांच्या रकान्यात लिहिले, "एकमत नाही. चर्चा उद्या पाच वाजता."

काकांनी कागद हाती घेतला, नेहमीप्रमाणे तपासला आणि लाल पेन्सिलीने एकच दुरुस्ती केली. पाचचे साडेचार केले.