सुभेदार तात्या आणि काकूंचं गोड औषध

कुंडलमध्ये आमच्या गल्लीची सकाळ कोंबड्यानं होत नाही, सुभेदार तात्यांच्या आरोळीनं होते.

"शालन, रिपोर्ट?" तात्या अंगणातून ओरडतात.

"झालं!" परसातून काकू.

"मऊ का घट्ट?"

"मऊ!"

"शाब्बास!" मग तात्या चहाला बसतात आणि गल्ली तोंडाला पदर लावून हसते.

फौजेतून निवृत्त झाल्यावर तात्यांनी ऊस लावला, पण जीव रमला तो लोकांच्या पोटांत. पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यालाही त्यांनी विचारलंय, "चेहरा ओढल्याला दिसतोय. सकाळी साफ झालं न्हाई जणू?" त्यानं मान खाली घातली की तात्या खुलले. "जुलाबाची गोळी म्हंजे बैलाला पराणी टोचणं. आमचं औषध टोचत न्हाई गड्या. आतड्यात पाणी वढून आणतं. पाट कोरडा पडला की पाला अडतो का न्हाई? पाणी सोडलं की जातो आपसूक."

हे औषध म्हणजे पाकासारखं दाट, गोड लॅक्टुलोज. घरात आलं ते काकूंच्या लिव्हरसाठी. लिव्हर म्हटलं की गावाला एकच कारण सुचतं. कट्ट्यावर एकानं डोळा मारून विचारलंच, "तात्या, कँटीनच्या रमचा कोटा वैनींनीच संपवला व्हय?"

तात्या शांतपणे म्हणाले, "तिनं जन्मात ताकाशिवाय काय पिलं न्हाई. शुगरनं आन चरबीनं बी लिव्हर जातं. तुझं दोन्ही वाढलंय, तपासून घे."

हे वाक्य चावडीच्या भिंतीवर रंगवून काढावं, असं मला अजून वाटतं.

मला त्यांनी सगळं फौजी भाषेत समजावलं होतं. "लिव्हर म्हंजे चेकपोस्ट. हिच्या चेकपोस्टवर शिपाई कमी. पोटातलं विष थेट मेंदूत घुसतं आन माणूस बरळाय लागतं. म्हणून त्याला आधीच मागच्या दारानं भायर काढायचं. रोज दोन-तीनदा मऊ झालंच पायजे. तुंबलं की मला माझी बायको सापडत न्हाई."

शेवटचं ते हसत म्हणाले, म्हणून मीही हसलो.

मग वडूजला तात्यांच्या भाचीचं लग्न निघालं. गाडी मी चालवत होतो. आता, लग्नाच्या कार्यालयात बायकांना एकच संडास, त्याला कडी नाही आणि बाहेर निम्मं वऱ्हाड उभं. अशा ठिकाणी जायचं म्हणून आपल्या बाया आदल्या दिवसापासून पाणीसुद्धा पीत नाहीत. कार्यालय बांधणाऱ्याला लाज नाही. ती सगळी बाईनंच बाळगायची. काकूंनी लग्नासाठी औषधच बंद केलं आणि परसातून "झालं, मऊ!" असं खोटंच सांगितलं.

मांडवात नवरीची ओटी भरायला काकू खण-नारळ घेऊन उठल्या. नवरीला ओलांडून गेल्या आणि नवऱ्याच्या मिशाळ मामाच्या मांडीवर ओटी भरली. वर कुंकूही लावलं. मांडव खदाखदा हसला. मामा बिचारा लाजून नारळ सांभाळत बसला. पण काकू मग अक्षता मूठ-मूठ चावू लागल्या, तेव्हा हसू थांबलं.

"अंगात आलंया," एक मावशी म्हणाल्या. "लिंबू आणा, लिंबू!"

तात्या पुढं आले. "शालन, मी कोण?"

काकूंनी त्यांना नीट न्याहाळलं, डोक्यावरचा पदर सावरला. "पाहुणं, जेवल्याबिगर जाऊ नका."

तात्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. लिंबू घेऊन आलेल्या मावशींना ते एवढंच म्हणाले, "आवं, ते सरबताला ठेवा. हिला दवाखाना पायजे."

सांगलीपर्यंत काकू मागच्या सीटवर आग्रह करत होत्या, "पाहुणं, जिलबी घ्या की." आणि तात्या रिकामी ओंजळ पुढं करून म्हणत होते, "घेतली. लय झाली. पोट भरलं."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं, नळीतून औषध सुरू केलं. "औषध चुकलं, पोट तुंबलं. वेळेत आणलंत," म्हणाले. तात्या पलंगाजवळच्या स्टुलावरून हलले नाहीत. मी घरून त्यांचे कपडे आणून दिले, ते त्यांनी कसेबसे अंगात घातले.

दुसऱ्या दिवशी औषधानं दणक्यात काम केलं. चादरी बदलताना तात्या इतके हरखले होते की सिस्टर म्हणाली, "आजोबा, पेढे वाटताय का काय?"

तिसऱ्या प्रहरी काकूंनी डोळे उघडले. तात्यांकडे कितीतरी वेळ टक लावून बघत राहिल्या. 'मी कोण?' असं विचारायचं तात्यांचं धाडसच होईना.

"आवं," काकू खरखरीत आवाजात म्हणाल्या, "शर्टाची बटणं वरखाली लावल्यात. भावकीतलं कुणी बघितलं म्हंजे? माझीच अब्रू जायाची न्हवं."

जन्मभर लोकांना हुकूम सोडत आलेले तात्या दोन्ही हात खाली सोडून पलंगापाशी उभे राहिले.

"तूच लाव," म्हणाले.

काकूंनी सावकाश एकेक बटण काढून परत लावलं. गळ्याजवळचं लावताना म्हणाल्या, "मान वर करा."

तात्यांनी मान वर केली, आणि बराच वेळ खाली आणली नाही.