मागे बघणारा दादू

ब्रेक लागेना. ट्रॉली उताराला लागली होती आणि समोर ओढा होता. खुर्चीवर सरपंच डोळे मिटून बसले होते, त्यांना चिकटून मी, आणि माझ्या मांडीवर माझी शेळी. मागच्या फळीवर उभा राहून दादू बंडगर ब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी ओढत होता. दांडा येत होता, ट्रॉली थांबत नव्हती. मग दादूने कमरेची लाल झेंडी काढली आणि ओढ्याला दाखवली.

ओढा होता तिथेच होता. आम्हीच त्याच्याकडे चाललो होतो.

हा दादू कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस खुळा आहे. सांगून झाल्यावरही वाटेल, पण निदान कशामुळे ते कळेल.

दादू माझा शेजारी. माझ्या मालकांपेक्षा लहान, म्हणून मी त्याला नावानेच हाक मारते. आमचं गाव जत तालुक्यातलं. गावामागून पूर्वी छोटी रेल्वे जायची, तिच्यावर दादू ट्रॉलीमन होता. ट्रॉली म्हणजे चार लोखंडी चाकं, वर फळ्या, फळ्यांवर एक रुंद खुर्ची. खुर्चीवर लाईन तपासणारा साहेब बसायचा आणि ट्रॉलीमन अनवाणी रुळावरून पळत मागून ढकलायचे. उतार आला की उडी मारून मागच्या फळीवर चढायचे. मागून गाडी येते का, हेही त्यांनीच बघायचं.

नोकरी संपली, छोटी रेल्वे संपली, दादूचं मागे बघणं काही संपलं नाही. थोडं चालला की मान वळवतो. देवळात प्रदक्षिणा घालताना बघतो, मयताला गेला तरी बघतो. पुतण्याच्या वरातीत तो घोड्यापुढे चालत होता. इतक्या वेळा वळून बघितलं की घोडाच बिथरला, आणि नवरदेव मांडवात चालत आला.

दादूला चहा घेणार का विचारलं तर तोंडाने बोलत नाही, हिरवी झेंडी दाखवतो. पाण्याच्या टँकरला लाल दाखवून वेशीत उभा करतो. मागून एखादी बाई घागर घेऊन येत असली तर ती पोचेपर्यंत टँकर हलू देत नाही. ड्रायव्हर शिव्या देतो. दादू म्हणतो, "लाईन किलेर न्हाई अजून." रस्त्याने लंगडत चालणारा हा म्हातारा रुळावर चढला की मात्र सुतासारखा सरळ पळतो. का, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

पुढे मोठी लाईन आली, ती गावापासून लांबून गेली. जुने रूळ उपटून भंगारात निघाले. दादूने घरोघर फिरून वर्गणी काढली आणि गावामागच्या लिंबापासून ओढ्यापर्यंतचा तुकडा वाचवला. त्याच भंगारातून ही ट्रॉली सोडवून आणली. मग छोटी लाईन जतन मंडळ काढून ते धर्मादायच्या कचेरीत रीतसर नोंदवलं. मंडळाला सात माणसं लागत होती. सहा मिळाली, त्यातली चार मुंबईला कामाला. सातवी मी, कारण दादू आला तेव्हा मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

"वैनी, तुमी अध्यक्ष."

"आरं, मला काय कळतंय त्यातलं?"

"अध्यक्षाला कळाय लागत न्हाई."

मी चौथीपर्यंत शिकलेली. मंडळात एवढंही शिक्षण दुसऱ्या कुणाचं कामाला आलं नाही.

सणासुदीला गावातल्या पोरांना, माहेरवाशिणींना, मुंबईहून आलेल्यांना फुकट फेरी. बसायला सगळे, ढकलायला दादू. तो स्वतः कधी खुर्चीवर टेकला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "म्या बसल्याव मागं कोन बगंल?"

मग नवे सरपंच आले. त्यांना रूळ काढून तिथून टँकरचा रस्ता न्यायचा होता. रस्ता हवाच होता. मीही जन्मभर हंडे वाहिलेत. पण तो लाईनच्या कडेनेही झाला असता, दोन वळणं जास्त पडली असती एवढंच. सरपंच म्हणाले, "खंडेनवमीला यिऊन बसून बगतो. मग ऱ्हायाचं का उपटायचं त्ये सांगतो."

त्या दिवसापासून दादूचं जेवण तुटलं. माझ्या ओट्यावर येऊन म्हणाला, "वैनी, रूळ उचाटलं तर सकाळी उठून म्या जायाचं कुटं?"

"रानात जा. समदी जातात तसा."

त्याने ना हिरवी झेंडी दाखवली, ना लाल.

खंडेनवमीला घरोघर अवजारं पुजतात. दादूने ट्रॉली धुतली, चाकांना झेंडूच्या माळा घातल्या. पूजा अर्थातच सरपंचांच्या हातून. नांगराला, विळ्याला तेल लावतात तसं त्यांनी ट्रॉलीला लावलं. माणूस दिलदार, आणि तेल माझं होतं. चाकांना लावलं, दांड्याला लावलं, आणि ब्रेकचा जो लाकडी ठोकळा चाकाला घासतो, त्याला तर अंघोळच घातली. दादू तिथेच उभा होता. तो मागे बघत होता.

सरपंच खुर्चीवर बसले. अध्यक्ष म्हणून मीही बसले. शेळी रोजच माझ्या मागे असते, ती चढली. दादू म्हणाला, "बसूद्या, फुकट हाय." त्याने ढकललं, उतार आल्यावर उडी मारून चढला, आणि मघाशी सांगितलं ते झालं.

"दादू, थांबीव रं!" सरपंच ओरडले.

"थांबिवतोय, मालक! तुमी जरा मागं बगा, गाडी न्हाई न्हवं?"

"कुटली गाडी, खुळ्या!" असं म्हणून सरपंचांनी माझ्या शेळीच्या गळ्याला मिठी मारली. शेळी माणसासारखी ओरडली. सरपंच शेळीसारखे.

मग दादूने डोक्याचा लाल फेटा उपसला, फळीवर पालथा पडला आणि फेट्याचं टोक चाकाखाली सारलं. चाकाने फेटा गिळला. गचका बसला, ट्रॉली कण्हत कण्हत घसरत गेली आणि रुळाच्या शेवटी वाळूचा ढीग असतो त्यात घुसली. आधी सरपंच वाळूत गेले, त्यांच्यावर शेळी, दोघांवर मी.

सरपंच उठले ते एक चप्पल शोधत. "उद्याच्या उद्या रूळ उपटा! माणसं मारायचा धंदा हाय ह्यो!"

"ब्रेकला त्याल कुनी घातलं?" मी विचारलं.

"पूजा हुती ती!"

"मग देवाला इचारा. दादूवर कशाला वराडताय?"

दादूचं नाव घेतलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की दादू इथे नाही. ट्रॉलीवर नाही, वाळूत नाही. एवढा वेळ आमच्यापैकी कुणीच मागे बघितलं नव्हतं.

मी बघितलं. बरंच मागे, दोन रुळांच्या मधे दादू बसला होता. फेट्याने जाताना त्यालाही खाली ओढलं होतं. इतक्या वर्षांत मी त्याचं उघडं डोकं पहिल्यांदा बघितलं. लहान पोराच्या डोक्यासारखं दिसत होतं. हात वर करून तो आमच्याकडे एकेक बोट करत होता.

मी गेले. कोपर सोललं होतं, गुडघा फुटला होता.

"तिगंबी हायत न्हवं?" त्याने विचारलं.

"हायत. तू हाक का मारली न्हाईस?"

"ऐकू येत न्हाई, वैनी. चाकांच्या आवाजात हाक ऐकू येत न्हाई."

मग आपणच बोलायला लागला. "माज्या जोडीला गनपा ढकलायचा. एकदा उताराला म्या उडी मारून चढलो. मला वाटलं, त्योबी चढला. ठेसनात गेल्याव मागं बगितलं, तर गनपा न्हाई. सापडला तवा दिस मावळला हुता. म्हनाला, लय हाका मारल्या. ती रात काडली न्हाई त्यानं."

"म्हंजी तू गाडी बगत न्हाईस व्हय?"

"गाडी कशाला बगायची? गाडी वाजत येती."

सरपंच एका चपलेवर लंगडत मागे येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. त्यांनी दादूला हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीची माती झटकली. मग म्हणाले, "रस्ता कडंनं काडू. पन मला पुन्ना बसाय बोलवू नका."

आम्ही रुळाकडेने घरी निघालो. दादू पुढे, बोडका, लंगडत. लिंबापाशी त्याने मान वळवून बघितलं.

"तीन," म्हणाला, आणि पुन्हा चालायला लागला.

तो स्वतःला मोजत नाही. म्हणून मी सांगते. त्या दिवशी ओढ्याच्या उतारावरून जिवंत परत आलो ते सरपंच, मी, माझी शेळी आणि दादू बंडगर.